पंधरा मीटरचा वेग: सीमाभागातल्या फुटबॉल खेळणाऱ्या पोरांना स्प्रिंट शिकवताना

पहाटे साडेपाचला बेळगावातून बाहेर पडणाऱ्या कुठल्याही रस्त्याला उभे राहा. हिंडलग्याकडे, कंग्राळीकडे, येळ्ळूरकडे. अंधारातच पोरांचे जथे पळताना दिसतील. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर गावातच असल्यामुळे सैन्यभरतीची तयारी हा आपल्याकडे कितीतरी घरांतला रोजचा विषय. भरतीला १६०० मीटर पळावं लागतं, म्हणून पोरं दम वाढवतात, आणि ते बरोबरच आहे. अडचण पुढे होते. हीच पद्धत आपण जशीच्या तशी फुटबॉलच्या मैदानावर आणतो. बारा-तेरा वर्षांची पोरं जमली की आधी मैदानाला पाच राउंड, मग त्याच दमलेल्या पायांनी इकडून तिकडे दहा-बारा स्प्रिंट, आणि शेवटी येईल त्याला उठाबशा. पोरं घामाघूम होतात, पालकांना वाटतं आज चांगली प्रॅक्टिस झाली. वेग मात्र होता तिथेच राहतो.

मीही बरीच वर्षं असंच शिकवलं. त्याची किंमत एका पोरानं मोजली. खानापूर भागातला, पंधरा वर्षांचा, उजव्या विंगला, म्हणजे मैदानाच्या उजव्या कडेनं खेळणारा. शनिवारी मॅच होती आणि शुक्रवारी संध्याकाळी मी सगळ्यांना सहा राउंड मारायला लावून वर पूर्ण मैदानभर स्प्रिंट घेत होतो. सातव्या धावेनंतर तो म्हणाला, "सर, पाय ओढल्यागत होतंय." मी म्हटलं, "शेवटच्या तीन राहिल्यात, मार." आठव्या धावेत तो मधेच एका पायावर उड्या मारत बाजूला गेला आणि उजवी मांडी मागून दाबून खाली बसला. मागून कुणी दगड मारला की काय म्हणून त्यानं वळून पाहिलं होतं. मांडीचा मागचा स्नायू फाटला होता. सहा आठवडे तो मैदानाबाहेर होता आणि चूक सगळी माझी होती.

त्यानंतर मी पद्धत मुळापासून बदलली. पुढे जे लिहितोय ते गावातल्या मंडळाची पोरं सांभाळणाऱ्या कुणालाही, शाळेतल्या पीटी सरांना किंवा घरच्या अंगणात मुलीला शिकवणाऱ्या बापाला करता येईल असं आहे. महागडं सामान लागत नाही. एक मेजर टेप, थोडी फक्की, वाळू भरलेल्या आठ-दहा प्लास्टिकच्या बाटल्या आणि एक मोबाइल एवढं पुरतं.

फुटबॉलमधली धाव केवढी असते

फुटबॉलमधल्या बहुतेक स्प्रिंट पाच ते वीस मीटरच्या, दोन ते चार सेकंदांच्या असतात. तीस मीटरच्या पुढची धाव मॅचमध्ये क्वचित येते. उसेन बोल्टनं २००९ मध्ये बर्लिनला १०० मीटर ९.५८ सेकंदांत मारले, तेव्हा त्याचा सर्वाधिक वेग साठ ते ऐंशी मीटरच्या टप्प्यात होता. आपल्या विंगरला एवढी मोकळी जागा कधी मिळत नाही. त्याचा निकाल पहिल्या चार-पाच पावलांतच लागतो: बॅकच्या, म्हणजे समोरच्या टीमच्या बचाव करणाऱ्या खेळाडूच्या आधी बॉलपाशी पोचला की नाही, एवढंच. जर्मनीच्या बुंदेसलिगामधले ३६० गोल तपासून एक अभ्यास झाला आहे. गोल करणाऱ्या खेळाडूनं गोलच्या आधी सर्वांत जास्त वेळा काय केलं, तर सरळ रेषेत स्प्रिंट. सुमारे ४५ टक्के गोलांत हे दिसलं, आणि त्यातही बहुतेक वेळा बॉल त्याच्या पायात नव्हता.

अशा छोट्या धावेला लागणारी ताकद स्नायूत आधीच साठवलेली असते. हा साठा लहान कळशीएवढा. पाच-सहा सेकंद जीव तोडून पळालं की बराचसा संपतो. निम्मा साधारण अर्ध्या मिनिटात परत भरतो, पण जवळपास पूर्ण भरायला तीन मिनिटं किंवा जास्त लागतात. कळशी अर्धी असताना पोराला परत पळवलं तर तो आपल्या पूर्ण वेगानं पळूच शकत नाही. मग शरीर शिकतं काय? तर मध्यम वेगानं, वाकड्यातिकड्या पावलांनी पळायला. वेग हे कौशल्य आहे. बॉल ट्रॅप करायला, म्हणजे येणारा बॉल पायानं अडवून ताब्यात घ्यायला शिकवताना आपण पोराला आधी दमवून घेत नाही, मग स्प्रिंट शिकवतानाच का दमवतो?

म्हणून एक नियम पाठच करा: दहा मीटरला एक मिनिट विश्रांती. वीस मीटर पळाला तर दोन मिनिटं, तीस पळाला तर तीन.

हा नियम ऐकला की प्रत्येक सरांचा एकच प्रश्न असतो, तेवढा वेळ पोरं करणार काय? कुंपणापाशी उभे असलेले पालकही विचारतात, "सर, पोरं नुसती उभीच हैत की." यावर सोपा उपाय आहे. सहा-सात जणांची एक रांग करा, एका वेळी एकानंच पळायचं, दर वीस सेकंदांनी पुढचा. एक पोर पळून, चालत परत येऊन रांगेच्या शेवटी उभा राहीपर्यंत आणि त्याची पाळी परत येईपर्यंत आपोआप दोन मिनिटं होतात. घड्याळही लागत नाही. पोरं जास्त असतील तर दोन रांगा करून जोड्या पळवा. शेजारी कुणी पळत असलं की पोर खरा जीव लावतं, एकट्यानं तेवढा कधीच लावत नाही.

सुरू करण्याआधी: उंची आणि दुखणी

घराच्या चौकटीवर पेन्सिलीनं उंचीची खूण करायची आपली जुनी सवय इथे फार कामाची आहे. दर तीन महिन्यांनी प्रत्येक पोराची उंची मोजून वहीत लिहा. मुली साधारण अकरा-बाराव्या वर्षी आणि मुलगे तेरा-चौदाव्या वर्षी झपाट्यानं वाढतात. तीन महिन्यांत दोन सेंटिमीटरच्या वर उंची वाढली असेल तर ते पोर त्या टप्प्यात आहे असं धरा. या काळात हाडं आधी लांबतात, स्नायू मागून येतात. काल सुरेख पळणारं पोर अचानक पायात पाय अडकल्यासारखं पळायला लागतं. त्याला आळशी म्हणू नका. त्याच्या स्प्रिंट निम्म्या करा, उड्या कमी करा, तंत्राचे व्यायाम चालू ठेवा.

याच वयात दोन दुखणी नेहमी भेटतात. टाचेच्या मागच्या बाजूला दुखणं, विशेषतः कडक मैदानावर, याला सीव्हर्स म्हणतात. गुडघ्याच्या वाटीखाली नडगीच्या सुरुवातीला टेंगूळ येऊन दुखणं म्हणजे ऑस्गुड-श्लाटर. दोन्ही ठिकाणी वाढत्या हाडावर स्नायूची ओढ पडत असते. बरीच पोरं हे लपवतात, कारण सांगितलं तर टीममधून काढतील अशी भीती. म्हणून तुम्हीच विचारा. लंगडत असेल तर त्या दिवशी स्प्रिंट नाही. दोन आठवड्यांत उतार पडला नाही किंवा रात्री झोपेत दुखत असेल तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

मैदान आणि बूट

बेळगावच्या पश्चिमेला आणि दक्षिणेला खानापूरकडे जांभ्याची लाल माती. पाऊस थांबला की तासाभरात पाणी निचरतं, पण वर खडीसारखे दाणे असतात आणि त्यावरून पाय सटकतो. स्प्रिंटची पट्टी आधी खराट्यानं झाडून घ्या. पूर्वेकडच्या काळ्या मातीवर पावसात पळवूच नका. चिखल स्टडला, म्हणजे बुटाच्या तळाच्या दाण्यांना धरतो, पाय जड होतो आणि गुडघा पिळवटतो. उन्हाळ्यात तीच माती भेगाळते, त्या भेगांत घोटा मुरगळतो. भाताची कापणी झाल्यावर गावोगावी शेतांची मैदानं होतात. छान वाटतं, पण भाताची धसकटं पायाला फाडतात, तेव्हा पट्टीतली धसकटं उपटल्याशिवाय पोरांना पळवू नका.

बुटांबद्दल एवढंच की मोठ्या भावाचे सैल बूट घालून स्प्रिंट नको. कडक जमिनीवर लांब स्टडपेक्षा साधे कॅनव्हास किंवा बारीक दाण्यांचे बूट बरे. खुणांना विटा ठेवायची आपल्याकडे पद्धत आहे, ती बंद करा. आदळलं पोर तर दात जातील. बाटल्या ठेवा.

पायरी पहिली: अंग गरम करणं

फिफानं ११+ नावाचा एक वॉर्मअप तयार केला आहे. त्यात पंधरा व्यायाम आहेत, वीस मिनिटं लागतात आणि आठवड्यातून किमान दोनदा करायचा असतो. नॉर्वेत १३ ते १७ वयाच्या फुटबॉल खेळणाऱ्या मुलींवर त्याचा मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २००८ मध्ये आले. दुखापती सुमारे एक तृतीयांशानं कमी झाल्या होत्या. वळताना आणि उडी मारून उतरताना मुलींच्या गुडघ्याला धोका जास्त असतो, त्यामुळे मुलींच्या टीमनं तर हा वॉर्मअप सोडूच नये.

तेवढं शक्य नसेल तर किमान असं करा. तीन-चार मिनिटं हलकं पळणं, आडवं पळणं, मागे पळणं. मग चालता चालता गुडघा छातीशी आणणं, मोठं पाऊल टाकून खाली जाणं, पाय पुढे-मागे झुलवणं. मग जागेवर घोट्यातून वीस-पंचवीस छोट्या उड्या, गुडघे जवळपास सरळ. शेवटी वीस मीटरच्या तीन धावा, पहिली निम्म्या वेगानं, दुसरी जरा जास्त, तिसरी पूर्ण वेगाच्या जवळ. एक-एक मिनिट ताणून धरायचे व्यायाम आधी नकोत, प्रॅक्टिस संपल्यावर करा. डिसेंबर-जानेवारीत सकाळी हुडहुडी भरते तेव्हा वॉर्मअपला पाच मिनिटं वाढवा आणि स्वेटर शेवटच्या धावेआधी काढायला लावा.

पायरी दुसरी: पहिली पाच पावलं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मला यात शिकवायला सर्वांत उपयोगी पडली ती आपली लाल माती.

मैदानाच्या कडेला गवत नसलेली बारा मीटर लांब, दीड मीटर रुंद पट्टी निवडा. झाडा, वर पाणी शिंपडा, अर्धा तास जाऊ द्या. पाऊल उमटेल एवढी ओल राहिली पाहिजे, चिखल नको. एका पोराला त्यावरून पूर्ण वेगानं पळू द्या, मग सगळ्यांना ठसे बघायला बोलवा. चांगल्या सुरुवातीत पहिल्या तीन-चार ठशांना टाच नसते, फक्त चवडा असतो, आणि माती ठशाच्या मागच्या बाजूला उकरून फेकलेली असते. म्हणजे पोरानं जमीन मागे ढकलली. ज्या ठशात टाच स्पष्ट उमटली आहे आणि माती पुढे सरकून तिचा छोटा बांध झाला आहे, तिथे पोरानं स्वतःलाच ब्रेक लावला. पाय शरीराच्या फार पुढे पडला. मग ठशांमधलं अंतर वितीनं मोजा. पहिलं पाऊल छोटं, पुढचं थोडं मोठं, त्याच्या पुढचं आणखी मोठं, असं वाढत गेलं पाहिजे. बऱ्याच पोरांचं पहिलंच पाऊल ढांग टाकल्यासारखं लांब असतं, आणि तिथेच बॅक त्याला गाठतो.

मी दहा वेळा तोंडानं सांगितलं असतं तरी जे कळलं नसतं, ते पोरांना स्वतःच्या ठशात एकदा बघून कळतं. मागे एकदा आमच्यातली एक लहान मुलगी स्वतःच्या ठशापाशी उकिडवी बसून बोटानं मातीचा बांध मोडत होती. "हे मी केलं काय?" पुढच्या धावेत तिचं पहिलं पाऊल वीतभर आखूड पडलं, कुणी काही न सांगता.

शरीर कसं असावं? पाय पुढे-मागे, दोन्ही गुडघे थोडे वाकलेले, पुढच्या चवड्यावर वजन. सुरुवातीला डोक्यापासून मागच्या टाचेपर्यंत एक तिरकी रेघ दिसली पाहिजे. कंबरेत मोडून पुढे वाकणं म्हणजे तिरकं होणं नव्हे, यात पोरांचा हमखास घोटाळा होतो. तो भिंतीपाशी सुटतो. भिंतीपासून तीन-चार फूट लांब उभं राहून दोन्ही तळवे भिंतीला टेकवा, अंग तिरकं, मग एक गुडघा वर, दुसरा पाय सरळ. "बदल" म्हटलं की पाय बदलायचे. आधी एक-एक, मग दोन-दोन, मग तीन. पावसाळ्यात शाळेच्या व्हरांड्यात हे आरामात होतं, फरशी कोरडी असली म्हणजे झालं.

हातांचं शिकवणं सोपं. कोपर साधारण काटकोनात, हात खिशापासून गालापर्यंत, जोर कोपर मागे मारण्यावर. हात छातीसमोर आडवे फिरत असतील तर अंगही डुलतं. मुठी सैल, जबडा सैल. दात-ओठ खाऊन पळणारं पोर मेहनती दिसतं, पण त्याचे खांदे आवळलेले असतात.

नजरेचा प्रश्न फुटबॉलमध्ये वेगळा आहे. शंभर मीटर पळणारा धावपटू सुरुवातीला खूप वेळ मान खाली ठेवतो. आपल्या पोराला तीन-चार पावलांतच मान वर करून बॉल आणि बॅक पाहायचे असतात. म्हणून दहा मीटरवर एकाला उभं करा, त्यानं बोटं दाखवायची आणि पळणाऱ्यानं पळता पळता आकडा ओरडायचा.

सांगताना एका धावेला एकच गोष्ट सांगा. "गुडघा उचल, हात मार, वाक, बघ" असं सगळं एकदम सांगितलं तर पोर काहीच करत नाही. "जमीन मागे ढकल" एवढं एकच वाक्य बहुतेकांना पुरतं.

पायरी तिसरी: सुरुवात दरवेळी वेगळी

मॅचमध्ये शिट्टी ऐकून, रेषेवर पाय लावून कुणी पळत नाही. कधी उलट तोंड असतं, कधी पडलेलं असतं, कधी हेडिंगसाठी उडी मारून उतरलेलं असतं. आपल्याकडे यासाठी आयता खेळ आहे, खो-खो. उकिडवं बसलेलं पोर पाठीवर थाप पडून "खो" कानावर पडताच उठून सुसाट सुटतं. यापेक्षा चांगला स्टार्टचा सराव मला तरी माहीत नाही. लंगडीत एका पायाच्या घोट्याला आणि पोटरीला जी ताकद येते, ती उड्यांच्या महागड्या सामानानं येते तेवढीच. आट्यापाट्यात हूल देणं आणि झटकन थांबणं येतं. अकरा वर्षांखालच्या पोरांना तर स्प्रिंटचा वेगळा सराव लावूच नका. खो-खो, लंगडी, विषामृत, पकडापकडी, मधे भरपूर थांबे, एवढंच त्यांचं स्प्रिंट ट्रेनिंग.

मोठ्यांसाठी हेच सुरुवातीचे प्रकार आलटून पालटून घ्या: उकिडवं बसून, पालथं झोपून, पाठमोरं उभं राहून, एका गुडघ्यावर, दोन पावलं मागे जाऊन. इशाराही बदला. शिट्टीऐवजी बॉल सोडा. हातातला बॉल खाली पडताना दिसला की पळायचं, तो दुसरा टप्पा घेण्याआधी पकडायचा. पोरं यात वेळेचं भान विसरतात.

पायरी चौथी: प्रत्यक्ष प्रॅक्टिस

स्प्रिंट नेहमी वॉर्मअपनंतर लगेच, बॉलच्या प्रॅक्टिसच्या आधी. आठवड्यातून दोनदा, मधे किमान एक दिवस मोकळा.

बारा ते चौदा वयासाठी एक दिवस असा धरा. भिंतीचा व्यायाम दोन मिनिटं. मग दहा मीटरच्या सहा धावा, प्रत्येक दोन धावांना सुरुवातीचा प्रकार बदलून. मग पंधरा मीटरच्या चार धावा, जोडीनं, बॉलच्या इशाऱ्यावर. झाले १२० मीटर. विश्रांती धरून पंचवीस मिनिटं. बस्स. पहिल्यांदा हे केलं तेव्हा आमच्यातला एकजण म्हणाला, "सर, आज राउंड नाहीत काय? दमलावच नाही की." तेच तर हवं होतं.

पंधरा ते सतरा वयासाठी एका दिवशी छोट्या धावा, दहा ते पंधरा मीटरच्या आठ. दुसऱ्या दिवशी लांब, वीस मीटरच्या चार आणि तीस मीटरच्या दोन. लांब धावांत शेवटी अंग सरळ होतं, पाय कमरेच्या खाली पडतो. पूर्ण वेगाची सवय मांडीच्या मागच्या स्नायूला याच धावांतून लागते. ही सवय नसलेला खेळाडू एकदम मॅचमध्ये तीस मीटर पळतो आणि तिथेच मांडी धरतो. पहिले तीन आठवडे धावा कमी ठेवा, मग हळूहळू एकूण २५० मीटरपर्यंत न्या. त्याच्या वर जायची गरज नाही.

कधी थांबायचं? पोराची धाव दिसायला बदलली की. पावलांचा आवाज जड झाला, टाच वाजायला लागली, खांदे कानाशी गेले, मागच्या धावेपेक्षा स्पष्ट हळू पळाला, की त्याची त्या दिवसाची स्प्रिंट संपली. त्याला बॉल द्या. "पाय ओढतोय" म्हणाला तर लगेच, त्या क्षणी.

दम वाढवायला नको का, असं कुणी विचारेल. हवाच. पण तो वेगळा कप्पा. चारास चार लहान मैदानावर तीन-तीन मिनिटांचे खेळ घेतले की दमही वाढतो आणि फुटबॉलही सुधारतो. ते शेवटी घ्या.

चढाचा वापर करायचा असेल तर तळ्याचा बांध किंवा गवताळ सौम्य उतार शोधा, दहा-बारा मीटर, वर पळायचं, खाली चालत यायचं. राजहंसगडाचा रस्ता तालमीला छान आहे, पण स्प्रिंटला तो चढ फार होतो; पावलं आखडतात आणि पोर रांगल्यासारखं पळतं. कमरेला जुना टॉवेल गुंडाळून मागून मित्रानं हलकं धरायचं, हाही प्रकार चांगला. पळण्याची ढब मोडली तर ओढ जास्त झाली असं समजा. ट्रकचे टायर पोरांना ओढायला लावू नका.

पायरी पाचवी: थांबणं

वेगानं पळायला शिकवतो आणि थांबायला शिकवत नाही, इथे गुडघे जातात. दहा मीटर पळून तीन-चार छोट्या पावलांत थांबायचं, कंबर खाली, छाती वर, गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत. गुडघे आत पडत असतील तर वेग कमी करून परत. आधी निम्म्या वेगानं, दोन-तीन आठवड्यांनी पूर्ण वेगानं. थांबणं जमल्यावरच वळणं: थांब, फिर, पाच मीटर पळ. बॉल त्यानंतर.

मांडीचा मागचा स्नायू

माझ्या त्या विंगरनंतर मी एक व्यायाम कधी चुकवत नाही, नॉर्डिक. गुडघ्याखाली पोतं किंवा चादर घालून गुडघ्यांवर उभं राहायचं, मित्रानं मागून घोटे घट्ट धरायचे, आणि अंग सरळ ठेवून जितकं हळू जमेल तितकं पुढे झुकत जायचं. सावरता आलं नाही की हातांवर उतरायचं. अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा हा व्यायाम करणाऱ्या टीममध्ये या स्नायूच्या दुखापती निम्म्यावर आल्याचं दिसलं. सुरुवात तीन-तीनच्या दोन पाळ्यांनी, आठवड्यातून एकदा, प्रॅक्टिस संपल्यावर. नंतरचे दोन दिवस मांडी दुखते, त्यामुळे मॅचच्या आदल्या दिवशी नको. चौदा वर्षांच्या पुढच्यांसाठी हा ठेवा. त्याला जोड म्हणून पायरीवर एका पायानं टाच वर-खाली करणं आणि पाठीवर झोपून एका पायावर कंबर उचलणं.

मांडी धरलीच, तर त्या दिवशी तेल लावून चोळायचं नाही. घरातली मोठी माणसं प्रेमानं चोळायला घेतात, त्यांना समजावून सांगा. पहिले दोन-तीन दिवस विश्रांती, थंड शेक, बांधणं. मग न दुखता चालणं, न दुखता हलकं पळणं, निम्मा वेग, पाऊण वेग, असं एकेक. यातला पुढचा टप्पा घेताना दुखलं तर एक टप्पा मागे.

वर्षाचा हिशोब

रविवारी मॅच असेल तर स्प्रिंट मंगळवारी आणि गुरुवारी. शनिवारी फक्त दहा मीटरच्या तीन धावा, पाय जागे करायला. जून ते सप्टेंबर, विशेषतः कणकुंबी-जांबोटीकडे, मैदान हातात नसतंच. तेव्हा व्हरांड्यात भिंतीचा व्यायाम, लंगडी, नॉर्डिक, आणि उघडीप मिळाली की लाल मातीवर पाच-सहा छोट्या धावा. दसऱ्याची सुट्टी हा खरा मोसम: हवा चांगली, पोरं मोकळी, मैदान निचरलेलं. फेब्रुवारी-मार्चमध्ये एसएसएलसीच्या (दहावीच्या) पोरांना आठवड्यातून एकदा वीस मिनिटं आणा. एवढ्यानंही कमावलेला वेग टिकतो. एप्रिल-मेमध्ये सकाळी आठच्या आत आटपा.

मोजणी

हातातल्या स्टॉपवॉचवर विसंबू नका. अंगठ्याच्या घाईत सहज पाव सेकंद इकडेतिकडे होतो, आणि दहा मीटरमध्ये पाव सेकंद म्हणजे खूप झालं. मोबाइल वापरा. सुरुवातीच्या रेषेवर आणि दहा मीटरवर, पळण्याच्या वाटेच्या दोन्ही बाजूंना, एकेक काठी रोवा. मोबाइल बाजूला पंधरा-वीस मीटर लांब, हलणार नाही असा ठेवा, सुरुवात आणि शेवट दोन्ही दिसतील असा. तिरक्या नजरेमुळे होणारी चूक काठ्यांची जोडी एका रेषेत धरून टाळता येते. दहा मीटरच्या रेषेतूनच बघत असाल तर तिथल्या दोन्ही काठ्या एकावर एक दिसतात. मोबाइल तिथे ठेवा आणि सुरुवातीला पोराच्या मागच्या पायाची पहिली हालचाल पकडा. मग व्हिडिओ एकेक चित्र पुढे सरकवत मोजा. सेकंदाला ६० चित्रं घेणाऱ्या मोबाइलवर प्रत्येक चित्र म्हणजे ०.०१७ सेकंद. पहिल्या हालचालीपासून छाती काठीपाशी येईपर्यंतची चित्रं मोजून ६० नं भागा. दोन धावांपैकी चांगली घ्या. दर सहा आठवड्यांनी, त्याच जागी, तेच बूट, शक्यतो तीच वेळ.

यादी करून भिंतीवर लावू नका. पहिला कोण आणि शेवटचा कोण ते पोरांना तसंही माहीत असतं. वहीत प्रत्येकाच्या नावाचं एक पान करा, एका रकान्यात उंची, शेजारच्या रकान्यात वेळ, आणि पोराला फक्त त्याचं पान दाखवा. ज्याची उंची तीन महिन्यांत तीन सेंटिमीटर वाढली आहे त्याची वेळ तशीच राहिली किंवा थोडी घसरली तर काळजी करू नका. त्याच्याशेजारी बसून दोन्ही रकाने त्याला दाखवा, आणि पुढच्या मोजणीची तारीख त्याच्याच हातानं त्या पानावर लिहून घ्या.